‘द मेसेज’ (१९८२): समीक्षकांच्या यादीत पहिले, हॉट हंड्रेडमध्ये बासष्टावे

शिळोप्या

हिप हॉपवर मराठीत काही लिहून आले की त्यात ‘द मेसेज’ या गाण्याचा उल्लेख हमखास असतो, आणि तो बहुधा ‘त्या काळी तुफान गाजलेले गाणे’ अशा एका ओळीत उरकलेला असतो. गाणे थोर आहे याबद्दल माझे दुमत नाही. मात्र ‘तुफान गाजले’ म्हणताना समीक्षकांनी उचलून धरणे आणि बाजारात खपणे या दोन गोष्टींची सरमिसळ होते. ती सोडवून पाहावी, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या चमूच्या नावाने हे सिंगल जुलै १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या शुगर हिल रेकॉर्ड्स या कंपनीने काढले. बारा इंची तबकडीवरचे हे गाणे सात मिनिटांहून थोडे अधिक चालते. अमेरिकेतल्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या मुख्य क्रमवारीत, म्हणजे हॉट हंड्रेडमध्ये, ते ६२ व्या क्रमांकाच्या वर कधीच गेले नाही. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या स्वतंत्र क्रमवारीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि ब्रिटनमध्ये आठव्या. म्हणजे ज्या देशाच्या रस्त्यांवरचे हे वर्णन आहे, त्या देशाच्या मुख्य क्रमवारीत ते पहिल्या साठांतही नव्हते, आणि समुद्रापलीकडच्या देशात मात्र पहिल्या दहांत होते.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकाने अमेरिकेतल्या समीक्षकांचे जे वार्षिक मतदान घेतले, त्यात सिंगल्सच्या यादीत ‘द मेसेज’ पहिले आले. मार्व्हिन गे यांचे त्या वर्षीचे अफाट लोकप्रिय गाणे त्याच्या मागे राहिले. ब्रिटनमधल्या न्यू म्युझिकल एक्सप्रेसनेही त्यालाच वर्षातले सर्वोत्तम गाणे ठरवले. पुढे २००४ मध्ये रोलिंग स्टोनने सर्वकालीन पाचशे गाण्यांची यादी केली, तेव्हा ते ५१ व्या स्थानी होते आणि त्या यादीतल्या हिप हॉप गाण्यांत सर्वांत वर होते. २०१२ मध्ये त्याच नियतकालिकाने फक्त हिप हॉपची पन्नास गाणी निवडली, तेव्हा ते पहिले आले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची राष्ट्रीय नोंदवही २००२ सालासाठी सुरू केली, तेव्हा पहिल्या पन्नास नोंदींत हिप हॉपचे हे एकच गाणे होते.

हे अंतर एवढे का पडले? याचे सोपे उत्तर ‘वर्णभेद’ असे देता येते आणि ते खोटेही नाही, पण ते कोणत्या वाटेने आले हे पाहिले पाहिजे. हॉट हंड्रेडची क्रमवारी तेव्हा रेडिओ केंद्रांनी कळवलेल्या यादीवर आणि दुकानांनी कळवलेल्या खपाच्या क्रमावर बेतलेली असे. गोऱ्या श्रोत्यांची रॉक आणि पॉप केंद्रे रॅप वाजवत नव्हती. त्यातून सात मिनिटांची लांबी आणि जिन्यात लघवी करणाऱ्या माणसांचा उल्लेख. १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालेल्या एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलाकार जवळजवळ दिसतच नव्हते. जानेवारी १९८३ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी त्या वाहिनीच्या निवेदकाला मुलाखतीतच याचा जाब विचारला, हे अनेकांना ठाऊक असेल. ब्रिटनची क्रमवारी मात्र निव्वळ विक्रीवर चालत असे, आणि तिथे कृष्णवर्णीयांसाठी वेगळा रकाना ठेवून मुख्य रकाना मोकळा करण्याची सोय नव्हती.

आता गाण्याकडे येतो, कारण त्याच्या स्वागताइतकीच त्याच्या घडणीची कथाही वाकडी आहे. तबकडीवर नाव चमूचे डीजे, म्हणजे तबकड्या वाजवणारे, ग्रँडमास्टर फ्लॅश यांचे आहे, पण गाण्यातल्या संगीतात फ्लॅश कुठेही नाहीत. हे मूळ गाणे एडवर्ड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी या कंपनीच्या स्टुडिओतल्या वादकाचे. १९८० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा आणि बसचा अकरा दिवसांचा संप झाला, त्या सुमारास त्यांनी ते लिहायला घेतले, आणि स्थानकावरच्या संपाचा उल्लेख गाण्यात अजूनही जागच्या जागी आहे. कंपनीच्या मालकीणबाई सिल्व्हिया रॉबिन्सन यांना ते फ्युरिअस फाइव्हने गावे असे वाटत होते, पण चमूला ते नको होते. आठवडाभर याच गोष्टी भोगून शनिवारी नाचायला आलेल्या माणसाला पुन्हा त्याच कोण ऐकवणार, असा त्यांचा रोख होता, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. अखेर चमूतले एकटे मेली मेल तयार झाले. गीतकार म्हणून फ्लेचर, मेली मेल, संयोजक क्लिफ्टन ‘जिग्ज’ चेस आणि सिल्व्हिया रॉबिन्सन अशी चार नावे लागली.

मागच्या रविवारी मी एका कागदावर दोन रकाने आखले आणि इअरफोन लावून एकेक कडवे कोणाच्या आवाजात आहे ते टिपत गेलो. मेली मेल यांचा आवाज शब्दाच्या शेवटी दाबून थांबतो. फ्लेचर यांचा आवाज त्या मानाने सपाट, थकलेला, हिशेबाची वही वाचावी तसा. भावाने आईचा टीव्ही चोरला, वसुलीवाले फोन करतात, डोके दुखते, असे सांगणारे कडवे फ्लेचर यांचे आहे. चित्रफितीत मात्र ते कडवे राहिम हा चमूतला गायक ओठ हलवून म्हणताना दिसतो. सात मिनिटांच्या कागदावर तिसऱ्या रकान्याची गरजच पडली नाही.

शेवटचे कडवे हा या गाण्याचा गाभा आहे. एक मूल जन्मते, वस्तीत आकडा घेणारे, दलाल आणि गुंड यांच्याच हातात नोटांची बंडले पाहते, शाळा सोडते, दरोडा घालते, आठ वर्षांची शिक्षा भोगायला जाते आणि कोठडीत गळफासाला लटकलेले सापडते. (आकडा हा शब्द मी मुद्दाम वापरला, त्या वस्त्यांतला ‘नंबर्स’चा जुगार आपल्याकडच्या मटक्याचा सख्खा भाऊ आहे.) गंमत अशी की हे कडवे १९८२ चे नाहीच. मेली मेल यांनी ते १९७९ मध्येच, एन्जॉय या छोट्या कंपनीसाठी केलेल्या ‘सुपररॅपिन’ या चमूच्या आधीच्या तबकडीत म्हटले होते. तिथे ते बढाया आणि नाचाच्या हाकाऱ्यांच्या गर्दीत येऊन गेले आणि कोणा समीक्षकाचे तिकडे लक्ष गेले नाही. तेच शब्द, तोच आवाज, पण लय संथ केली, आजूबाजूची गर्दी हटवली, आणि तीन वर्षांनी ते वर्षातले सर्वोत्तम ठरले.

यावरून मला असे वाटू लागले आहे की समीक्षकांनी ‘द मेसेज’ची जी वाखाणणी केली, तिचीही तपासणी व्हायला हवी. ही मंडळी रॉकच्या परंपरेत वाढलेली होती. त्या परंपरेत शब्दांना, आशयाला, निषेधाला मान होता. पार्टीसाठीच्या तबकडीला नव्हता. हिप हॉप तोवर नऊ वर्षे पार्टीचेच होते. त्याला गांभीर्य आले म्हणून समीक्षकांनी दार उघडले, की समीक्षकांच्या ओळखीचा पोशाख घालून ते आले म्हणून दार उघडले, हा माझा प्रश्न आहे.

---

चंद्रभागा

धागा आवडला, पण एका ठिकाणी आपण स्वतःच ज्या चुकीवर बोट ठेवता तीच करत आहात असे नम्रपणे सांगते. ६२ वा क्रमांक हा ‘खरा’ आणि चौथा क्रमांक हा ‘स्वतंत्र रकान्यातला’, ही मांडणी बिलबोर्डची आहे. ती आपण का मान्य करावी? ज्या लोकांविषयी हे गाणे आहे, त्या लोकांच्या दुकानांत आणि त्यांच्या रेडिओ केंद्रांवर ते पहिल्या चारांत होते. घरच्यांनी डोक्यावर घेतलेल्या गोष्टीला गावकीने बासष्टावी पत्रावळ दिली, तर कमीपणा गावकीचा.

त्या रकान्याच्या नावाचीही एक कथा आहे. ही क्रमवारी आधी ‘सोल’ या नावाने ओळखली जात असे. जून १९८२ मध्ये, म्हणजे ‘द मेसेज’ बाजारात येण्याच्या काही दिवस आधी, बिलबोर्डने तिचे नाव बदलून सरळ ‘ब्लॅक सिंगल्स’ असे केले. ‘सोल’ हे निदान संगीताचे नाव होते. नवे नाव माणसांचे होते. आपण ज्याला ‘अंतर’ म्हणता ते त्या नावातच लिहिलेले आहे.

चमूच्या नकाराबद्दल मात्र आपल्याशी सहमत आहे. दुःख भोगणाऱ्याने ते गायलेच पाहिजे, अशी अपेक्षा बाहेरचा माणूस फार सहज करतो.

---

खर्जातला सा

सगळे शब्दांबद्दल बोलत आहेत, म्हणून थोडे सुरांबद्दल लिहितो. मी हौशी कीबोर्डवादक आहे आणि या गाण्याची ती प्रसिद्ध खाली उतरणारी सुरावट शिकवण्याच्या निमित्ताने अनेकदा वाजवली आहे. ती बोटांना अवघड नाही. अवघड आहे ती तिच्यानंतरची जागा. सुरावट येते, संपते, आणि मग बराच वेळ तिथे काहीच येत नाही. हात उचलून बसावे लागते. माझे विद्यार्थी तिथे हमखास काहीतरी भरतात, आणि भरले की गाणे मेलेच.

शुगर हिलच्या त्याआधीच्या बहुतेक तबकड्यांत स्किप मॅकडॉनल्ड, डग विम्बिश आणि कीथ लब्लांक ही कंपनीची घरची वादक मंडळी गिटार, बास आणि ड्रम जिवंत वाजवत असत, त्यामुळे त्यांचा बाज डिस्को आणि फंकचा, भरगच्च आणि उसळता असे. ‘द मेसेज’मध्ये ठेका यंत्राचा आहे, सिंथेसायझरचे काम रेगी ग्रिफिन यांचे आहे आणि लय मिनिटाला साधारण शंभर ठोक्यांची, म्हणजे तेव्हाच्या नाचाच्या तबकड्यांहून बरीच बसकी. नाचणाऱ्याचे पाऊल उचलायच्या आतच ठेका त्याला थांबवतो, आणि थांबलेला माणूस ऐकू लागतो. समीक्षकांना ‘शब्द’ ऐकू आले याचे श्रेय त्या रिकाम्या जागांना आहे. ‘सुपररॅपिन’मधले तेच कडवे ऐकू आले नव्हते, कारण तिथे जागाच नव्हती, हे शिळोप्या यांचे निरीक्षण मला नेमके वाटते. पण मग समीक्षक आशयाला भुलले असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. ते मांडणीला भुलले, आणि मांडणी हे संगीतच असते.

आणखी एक. ध्रुवपदात, मला ढकलू नका, मी अगदी कडेशी उभा आहे, अशा अर्थाच्या ओळीनंतर एक हसू येते. ते तालात बसवलेले, मोजून मारलेले हसू आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. त्याचे नोटेशन करायचा प्रयत्न मी केला होता आणि सोडून दिला.

---

आडवाट

‘द मेसेज’ला १९८२ चे सर्वांत महत्त्वाचे हिप हॉप गाणे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. त्याच वर्षी आफ्रिका बंबाटा अँड द सोल सॉनिक फोर्स यांचे ‘प्लॅनेट रॉक’ आले. क्राफ्टवर्क या जर्मन चमूच्या सुरावटी, ड्रम मशीनचा घणाघात आणि निर्माता आर्थर बेकर. तेही कृष्णवर्णीयांच्या क्रमवारीत चौथ्या क्रमांकापर्यंतच गेले, पण हॉट हंड्रेडमध्ये त्याने ४८ वा क्रमांक गाठला. त्याच्या तीन वर्षे आधीचे, याच शुगर हिल कंपनीचे ‘रॅपर्स डिलाइट’ ३६ व्या क्रमांकावर पोहोचले होते. म्हणजे नाचाचे गाणे ३६, यंत्रांचे गाणे ४८ आणि दुःखाचे गाणे ६२. समीक्षकांच्या मानमरातबाचा क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे.

पुढच्या दहा वर्षांत मायामीचे बास संगीत आणि डेट्रॉइटचे इलेक्ट्रो ज्या झाडाला लागले, त्याचे बी ‘प्लॅनेट रॉक’मध्ये आहे. तरीही याद्यांच्या शिखरावर ‘द मेसेज’ असते, कारण त्याविषयी लेख लिहिता येतो. ‘प्लॅनेट रॉक’विषयी काय लिहिणार? ते वाजवावे लागते. शिळोप्या यांनी विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे: पोशाख पाहूनच दार उघडले.

---

एडिसनवाला

मी गेली अठरा वर्षे न्यू जर्सीत आहे, आणि या गाण्याचा भूगोल आम्हा इथल्या मराठी मंडळींच्या रोजच्या वाटेवरचा आहे, हे वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. फ्लेचर एलिझाबेथ या शहरातले. एडिसनहून न्यूयॉर्कला जाणारी आमची लोकल तिथूनच जाते. मी वर्षानुवर्षे त्या स्थानकावरून डोळे मिटून गेलो आहे. ब्राँक्सचे म्हणून जगभर ओळखले जाणारे हे गाणे मुळात एलिझाबेथमध्ये, त्यांच्या आईच्या घरी जन्मले. आणि ते ध्वनिमुद्रित करणारी कंपनी होती एंगलवुडमध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून न्यू जर्सीत उतरले की थोड्या अंतरावर. शुगर हिल हे नाव हार्लेममधल्या सुखवस्तू वस्तीचे. कंपनी मात्र नदीच्या अलीकडची. तिथला स्टुडिओ २००२ मध्ये आगीत जळाला.

सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्याविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण त्यांचे नाव गीतकारांच्या यादीत दिसले की लोकांची भुवई वर जाते. त्या स्वतः गायिका होत्या. १९५० च्या दशकात मिकी अँड सिल्व्हिया या जोडीतून आणि १९७३ मध्ये एकटीने त्यांनी मोठे यश पाहिले होते. म्हणजे हॉट हंड्रेडमध्ये वर जाणे काय असते हे त्यांना ठाऊक होते. ‘द मेसेज’ करायचेच हा हट्ट त्यांचा, आणि चमूच्या इच्छेविरुद्ध तो चालवला नसता तर हे गाणे निघालेच नसते. पण त्याच हट्टाने चमू फोडला, हेही तितकेच खरे. दुसऱ्याच वर्षी फ्लॅश यांनी रॉयल्टी आणि नावाच्या हक्कावरून कंपनीवर दावा लावला. फ्लॅश, किड क्रिओल आणि राहिम बाहेर पडून इलेक्ट्रा कंपनीकडे गेले. मेली मेल, स्कॉर्पिओ आणि काउबॉय शुगर हिलकडे राहिले.

फ्लेचर पुढे शिक्षकी पेशात गेले आणि जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक चाहत्यांना या गाण्यातला दुसरा आवाज चमूतल्या कोणाचा नव्हता हे पहिल्यांदाच कळले.

---

तिरकस

मराठी वाचकाला हे सारे वाचताना १९७२ ची मुंबई आठवल्याशिवाय राहणार नाही. दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. मग ‘द मेसेज’ हे आपल्या विद्रोही कवितेचे अमेरिकी भावंड आहे असे म्हणायला काय हरकत आहे? किंबहुना आपले भावंड दहा वर्षांनी थोरले!

---

शिळोप्या

तिरकस, नाव तिकडून आले हे खरेच आहे, पण त्या धाग्याने हे गाणे बांधता येईल असे मला वाटत नाही. आपल्याकडची ती कविता लिहिणाऱ्यांनी स्वतःहून, स्वतःच्या भाषेवर चाल करून लिहिली. ‘द मेसेज’ एका पगारी वादकाने लिहिले, मालकिणीने रेटले आणि ज्यांच्या नावावर ते निघाले त्यांनी नाकारले. साम्य वस्तीचे आहे, जन्मकथेचे नाही. या फरकामुळेच मला त्याच्या स्वागताचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. समीक्षकांनी ‘रस्त्यावरून आलेला अस्सल आवाज’ म्हणून ज्याचे कौतुक केले, तो आवाज रस्ता, स्टुडिओ आणि कंपनीचे कार्यालय अशा तिन्ही ठिकाणांहून आलेला होता. त्यामुळे त्याची किंमत कमी होते असे मी म्हणत नाही; १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती आणि गाण्यातल्या एकाही तपशिलासाठी कोणाला कल्पनाशक्ती ताणावी लागली नव्हती. पण ‘अस्सल’ हा शब्द समीक्षकांनी जपून वापरायला हवा होता.

चंद्रभागाताई, आपला मुद्दा मान्य. ‘पहिल्या साठांतही नव्हते’ हे वाक्य मी गावकीच्या ओट्यावर बसून लिहिले होते. नाव बदलल्याची तारीख इतकी लागून आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

आडवाट, ‘प्लॅनेट रॉक’च्या प्रभावाबद्दल वाद नाही. पण ‘द मेसेज’चा प्रभाव फक्त लेखांत उरला, हे मात्र मान्य नाही. दुसऱ्याच वर्षी रन-डीएमसी या रॅप चमूचे पहिले सिंगल आले, त्यात बेकारी, महागाई आणि युद्ध आहे, ठेका तसाच कोरडा आणि मोकळा आहे. ‘द मेसेज’ नसते तर ती तबकडी तशी निघाली नसती असे मी धाडसाने म्हणतो. आणि व्यापाराचे म्हणाल, तर खरी गंमत पुढे आहे. १९९३ मध्ये आइस क्यूबने आपल्या एका गाण्याच्या नव्या रूपात हेच संगीत वापरले. मग १९९७ मध्ये पफ डॅडी आणि मेस यांनी ‘कान्ट नोबडी होल्ड मी डाउन’ या गाण्याखाली तीच उतरणारी सुरावट घातली, आणि ते गाणे हॉट हंड्रेडमध्ये सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. जे संगीत बासष्टावर अडले होते, ते पंधरा वर्षांनी शिखरावर बसले. फक्त वरचे शब्द काढून टाकावे लागले: वस्तीतल्या कोंडीच्या जागी गाड्या, पैसा आणि आपल्याला कोणी रोखू शकत नाही अशी घोषणा आली.

---

खर्जातला सा

आणि रिकाम्या जागा भरून टाकाव्या लागल्या, हेही जोडा. १९९७ च्या त्या गाण्यात ठोका जड केलेला आहे आणि सुरावटीनंतर हात उचलून बसायला कोणालाही वेळ नाही. माझे विद्यार्थी जे चुकून करतात, ते तिथे ठरवून केले आहे.

---

चंद्रभागा

शिळोप्या, शब्द काढल्यामुळेच ते वर गेले असे इतक्या सरळ रेषेत म्हणता येईल का? १९९७ पर्यंत हॉट हंड्रेडच मोजायची पद्धत बदललेली होती. १९९१ पासून दुकानांच्या सांगीवांगीऐवजी प्रत्यक्ष विक्रीची यांत्रिक नोंद होऊ लागली, आणि रॅप किती खपते ते पहिल्यांदाच उजेडात आले. १९८२ च्या खपाची तशी नोंद असती, तर ‘द मेसेज’ कुठे असते हे आज कोणालाच सांगता येणार नाही, पण ६२ वर असते असे मला वाटत नाही.

---

शिळोप्या

हे मी लिहायला हवे होते आणि राहून गेले. दुकानदार तेव्हा आकडे नव्हे, क्रम कळवत. आणि क्रम कळवणाऱ्या दुकानांत हार्लेमची किती आणि उपनगरांतली किती, यावर बरेच अवलंबून असे. ब्रिटनचा आठवा क्रमांक मला म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटतो. पुरस्कारांचेही तसेच. ग्रॅमीत रॅपसाठी वर्गच १९८९ पर्यंत नव्हता, तेव्हा तिथे हे गाणे हरले असेही म्हणता येत नाही आणि जिंकले असेही नाही.

---

आडवाट

एक शंका. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिला हिप हॉप चमू म्हणून ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्हची निवड झाली. ही निवड फ्लॅश यांच्या डीजेगिरीसाठी होती की ‘द मेसेज’साठी? पहिल्या कारणासाठी असेल तर मी टाळ्या वाजवतो. तबकडीवर रंगीत खडूने खूण करून, ठेक्याचा तुकडा कुठे सुरू होतो ते घड्याळाच्या काट्यासारखे डोळ्यांनी वाचून, दोन तबकड्या आलटून पालटून मागे फिरवत तो तुकडा हवा तितका लांबवायचा, हे तंत्र त्यांनी घासून पुसून शिस्तीत आणले. १९८१ ची त्यांची ‘व्हील्स ऑफ स्टील’ ही तबकडी संपूर्णपणे याच हातकौशल्यावर उभी आहे. आणि वर्षभराने त्यांच्या नावावरचे सर्वांत मोठे गाणे निघाले, त्यात एकाही तबकडीला त्यांचा हात लागलेला नाही.

---

एडिसनवाला

निवड चमूची होती, त्यामुळे दोन्हींचे माप एकाच तागडीत पडले. फ्लेचर त्यात नव्हते, कारण ते चमूत कधीच नव्हते.

---

नवखा श्रोता

हा धागा वाचून काल पहिल्यांदा पूर्ण गाणे ऐकले. शेवटचे कडवे संपल्यावर काही माणसे रस्त्यावर गप्पा मारताना ऐकू येतात, मग गाडी थांबते आणि आरडाओरड होते. ते काय आहे? आणि शिळोप्या म्हणतात तसे फक्त दोनच आवाज असतील, तर ही बाकीची माणसे कोण?

---

शिळोप्या

चांगले पकडलेत, माझ्या दोन रकान्यांच्या कागदाचा दोष मला आता दिसतो, कारण मी गाणे संपताच पेन्सिल ठेवली होती. ते शेवटचे छोटे नाट्य आहे, आणि त्यात चमूतली मंडळी स्वतः आहेत. मित्र कोपऱ्यावर भेटतात, एकमेकांची चौकशी करतात, संध्याकाळी कुठे जायचे ते ठरवतात. तेवढ्यात पोलिसांची गाडी येऊन थांबते आणि काही कारण नसताना सगळ्यांना हात वर करायला लावते. त्यातला एक जण गयावया करत सांगतो की अहो, आम्ही ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्हची माणसे आहोत. त्यावर पोलीस विचारतो, हे काय आहे, एखादी टोळी का? मग सगळ्यांना गाडीत कोंबतात, दार आपटल्याचा आवाज येतो आणि खाली ठेका चालूच राहतो.